समजून घ्या : गड नदीची जागा किती, आणि आपल्या सातबाऱ्यावरून कुठल्या रेषा जातात?

मालवण : खाडीकाठच्या जमिनीला सध्या गिऱ्हाईक भरपूर आहे. मसुरे, हडी, कालावल, तोंडवळी, तळाशील, रेवंडी, कुठेही जा. कोणीतरी कोणाला तरी जागा दाखवत असतो. घेणारा विचारतो, रस्त्यापासून किती लांब, पाणी दिसतं का, गुंठ्याचा भाव काय. विकणारा विचारतो, पैसे एकरकमी की टप्प्याने. एक प्रश्न मात्र दोघांकडूनही राहून जातो. या सर्व्हे नंबरावरून कुठली रेषा जाते?

सातबारा आपल्या नावावर आहे म्हणजे जमीन आपली, हे खरं. पण नदीला सातबारा वाचता येत नाही. आषाढात वरून पाणी उतरतं आणि अमावास्येच्या उधाणाला खालून खाडी चढते, तेव्हा दोन्ही पाणी जिथे भेटतात ती जागा नदीची. ही जागा कागदावरही वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. त्या रेषा कोण आखतं, त्यांचा आपल्या घराशी आणि धंद्याशी काय संबंध, आणि गाव म्हणून आपण काय करू शकतो, ते या लेखात गड नदीच्या उदाहरणावरून बघू. कर्ली नदीकाठच्या देवबाग-तारकर्लीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

नदी एक, कारभारी अनेक

गड नदी सह्याद्रीत उगम पावते. कणकवली तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी नरडव्याला तिच्यावर धरण आहे, महमदवाडी प्रकल्प म्हणूनही ते ओळखलं जातं. तिथून ती कणकवलीला येते, जवळच जानवली नदी तिला मिळते. पुढे मालवण तालुक्यात मसुऱ्याला भरतगड आणि भगवंतगड या दोन किल्ल्यांच्या मधून जाते. इथे तिची खाडी होते. पाणखोल जुव्यासारखी बेटं याच खाडीत. कालावलच्या पुलाखालून पुढे एका बाजूला तळाशीलची वाळूची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला सर्जेकोट, आणि मग समुद्र.

एवढा प्रवास एका जिल्ह्याच्या आतला. पण कारभारी किती बघा. डोंगरातलं जंगल वन विभागाकडे. धरण पाटबंधारे खात्याकडे. पूल कधी बांधकाम खात्याचा, कधी महामार्गवाल्यांचा. वाळू महसूलकडे. खारबंधारे खारभूमी विभागाकडे. कांदळवन कांदळवन कक्षाकडे. जेटी आणि बंदर मेरीटाईम बोर्डाकडे. मासे मत्स्य विभागाकडे. किनाऱ्याचे नियम दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाकडे. आणि उरलेलं सगळं ग्रामपंचायतीच्या डोक्यावर.

प्रत्येक खातं आपला तुकडा बघतं. अख्खी नदी बघणारं खातं नाही. म्हणून वर घेतलेल्या निर्णयाचा परिणाम खाली दिसतो, आणि खालचा माणूस कोणाकडे तक्रार करायची ते शोधत राहतो.

वर जे होतं ते खाली पोचतं

तळाशील आणि देवबाग या दोन्ही वस्त्या वाळूच्या पट्टीवर आहेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. ही पट्टी म्हणजे स्थिर जमीन नव्हे. लाटा वाळू नेतात, लाटा आणतात, आणि नदी वरून नवी वाळू आणून घालते. येणारी आणि जाणारी वाळू सारखी असेल तर पट्टी टिकते. येणारी कमी झाली की ती बारीक होत जाते.

येणारी वाळू कमी कशाने होते? धरणाच्या पोटात काही गाळ-वाळू अडकते. खाडीतून बेसुमार उपसा झाला तर राहिलेलीही जाते. किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये, वाळू उत्खननाला मनाई आहे. खाडीत साचलेले वाळूचे पट्टे पारंपरिक लोकांनी हाताने काढण्यापुरती सवलत आहे. आपल्याकडे तिलाच हातपाटी-डुबी म्हणतात. यंत्र लावून रात्रीत उपसलेली वाळू त्यात बसत नाही. ती वाळू कोणाच्या तरी घराखालचा पाया असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता गाळाचं बघा. वर डोंगर उतारावर जेसीबी फिरला, माती उघडी पडली की पहिल्याच पावसात ती व्हाळातून नदीत, नदीतून खाडीत येते. जिथे कालवं धरतात, बायका मुळे-खुबे काढतात, तिथे चिखल बसतो. तोच गढूळपणा समुद्रात पुढे जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळाला उजेड लागतो, स्वच्छ पाणी लागतं. स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचा मालवणातला सगळा धंदा त्या स्वच्छ पाण्यावर उभा आहे. म्हणजे घाटाच्या पायथ्याला माती उघडी पडली की त्याचा फटका किल्ल्यासमोर होडी लावणाऱ्या पोराच्या मिळकतीलाही बसू शकतो.

आणि पाणी. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिलला विहिरी तळ गाठतात. जांभ्यात आणि उतारावर पाणी थांबत नाही, लगेच समुद्राला मिळतं. नदीतलं गोडं पाणी आटलं की खाडीचं खारं पाणी वर सरकतं. काठावरच्या विहिरी मचूळ होतात, वायंगणी शेती अडचणीत येते.

रेषा पहिली : भरतीची

सीआरझेडचा पहिला नियम १९ फेब्रुवारी १९९१ चा. मग २०११ चा, आणि आता १८ जानेवारी २०१९ चा. सगळं मोजमाप भरतीरेषेपासून होतं.

गावांसाठी २०१९ च्या नियमात दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेत ज्या गावठाणी भागाची लोकसंख्या चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर, तिथे समुद्राच्या बाजूला ना-विकास क्षेत्र ५० मीटर. बाकीच्या गावांना २०० मीटर. आपल्या जिल्ह्याची सरासरी त्या जनगणनेत १६३ होती, त्यामुळे आपल्याकडे २०० मीटरच गृहीत धरून चाला आणि गाव कुठल्या गटात आहे ते नकाशात तपासा.

खाडीच्या बाजूला वेगळा हिशोब. भरतीरेषेपासून ५० मीटर, किंवा खाडीची तिथली रुंदी, यात जे कमी असेल ते. २०११ च्या नियमात हेच अंतर १०० मीटर होतं. खाडी कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते? वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत ज्या ठिकाणापर्यंत पाण्यात हजार भागाला पाच भाग मीठ सापडतं, तिथपर्यंत सीआरझेड. त्याच्यावर साधी नदी.

तळाशीलसारख्या अरुंद पट्टीवर समुद्राची २०० मीटरची रेषा आणि खाडीची ५० मीटरची रेषा काही जागी एकमेकींना भिडतात. मग लोक विचारतात, आम्ही राहायचं कुठे? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून नियमातल्या दोन गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

एक, जे अधिकृत घर आधीपासून आहे त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी आहे त्या जोत्यावर, आहे त्या क्षेत्रफळात करता येते. त्यासाठी घर जुनं असल्याचा पुरावा लागतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, जे असेल ते एका पिशवीत जपून ठेवा. १९९१ च्या आधीचा कागद सापडला तर सोन्याहून मोलाचा.

दोन, स्थानिक लोकांना, मच्छीमारांना, राहत्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी रूप न बदलता होमस्टे चालवायला २०१९ च्या नियमात जागा आहे. म्हणजे घर तेच ठेवून पाहुणा ठेवता येतो. घर पाडून तीन मजली लॉज बांधता येत नाही.

रेषा दुसरी : कांदळवनाची

कांदळवन सीआरझेडच्या सगळ्यात कडक गटात येतं. सलग हजार चौरस मीटरच्या वर कांदळवन असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव. जमीन खाजगी असली तरी झाडं तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनाच्या तोडीबद्दल कडक भूमिका घेतली आहे.

शेतकऱ्याची अडचण इथे वेगळी आहे. खारबंधारा फुटला, दुरुस्त झाला नाही, भाताच्या मळ्यात खारं पाणी फिरलं की चार-पाच वर्षांत तिथे कांदळ उगवतं. एकदा ते वाढलं की शेत परत लावायची वाट जवळजवळ बंद. म्हणून बंधारा फुटल्याबरोबर फोटो, तारीख आणि पंचनाम्यासह तलाठी आणि खारभूमी विभागाला लेखी कळवणं फार महत्त्वाचं. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा स्वतंत्र कायदा १९७९ पासून आहे. तोंडी सांगून गेलेलं वर्ष परत येत नाही.

रेषा तिसरी : पुराची

खाडीच्या वर, मसुऱ्याच्या पुढे कणकवलीच्या दिशेने गेलं की सीआरझेड संपतं आणि पूररेषेचा विषय येतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत शेती, बाग, मैदान अशा मोकळ्या वापराला हरकत नाही, बांधकामाला मनाई. निळ्या आणि लालच्या मधे जोतं उंच घेण्यासारख्या अटींवर बांधकाम.

या रेषा पाटबंधारे खातं आखतं. आपल्या गावाच्या हद्दीत त्या आखल्या आहेत का, हे त्यांच्या कार्यालयात अर्ज करून विचारता येतं. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, फी दहा रुपये.

रेषा चौथी : योजनेची

वरच्या तीन रेषा निसर्गावरून ठरतात. चौथी माणूस ठरवतो. एमआरटीपी कायदा, १९६६ खाली प्रादेशिक योजना होते. त्यात कुठली जमीन शेतीची, कुठली रहिवासाची, कुठली उद्योगाची, रस्ता कुठून, हे रंगांनी दाखवतात. आपल्याला लागू असलेली रत्नागिरी-सिंधुदुर्ग प्रादेशिक योजना. बिनशेतीसाठी गेलात की तिथे 'झोन दाखला' मागतात, तो याच नकाशावरून.

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने पालघर ते सिंधुदुर्ग किनारपट्टीतल्या १६३५ गावांसाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक करणारी अधिसूचना काढली. त्यात सिंधुदुर्गातली २६८ गावं होती. कोकणात त्याला बराच विरोध झाला. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तो एकेक खाडी ओलांडत येणार. नियोजन कोणाच्या हाती असावं हा वाद महत्त्वाचा आहे, तो व्हायलाच हवा. पण नियोजन सिडको करो, नगररचना विभाग करो की आणखी कोणी, नकाशा होणारच आहे. त्या नकाशावर आपली नदी किती रुंद दाखवली जाते, हा आपल्या कामाचा प्रश्न.

एमआरटीपीखाली प्रारूप नकाशा जाहीर झाला की हरकती-सूचनांना मुदत असते. जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. आपल्याला कळतं तेव्हा बहुतेक वेळा मुदत संपत आलेली असते. तेव्हा घाईत लिहिलेलं 'आमचा विरोध आहे' हे एक वाक्य फार टिकत नाही. 'सर्व्हे नंबर अमुक इथे दरवर्षी पुराचं पाणी येतं, सोबत फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडला आहे' हे टिकतं. ते आधीच तयार पाहिजे.

आधी रेषा, मग घर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. माणसं गेली, दुकानं गेली. त्यानंतर शहरात निळ्या-लाल रेषांवरून मोठा वाद झाला. लोकांचंही चूक नव्हतं. आयुष्यभराची कमाई घालून बांधलेल्या घरावरून उद्या कोणी रेषा ओढली तर त्याची किंमत जाते, दुरुस्ती अडते. पण नदीचंही चूक नव्हतं. शहर आधी झालं आणि रेषा मागून आली, हे त्यातलं खरं दुखणं.

हॉलंडसारख्या श्रीमंत देशालाही हा धडा उशिराच मिळाला. १९९३ आणि १९९५ ला तिथे नद्यांना मोठे पूर आले. १९९५ ला सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडून हलावं लागलं. तोपर्यंत त्यांचा उपाय एकच होता, बांध आणखी उंच करा. त्यानंतर त्यांनी 'नदीला जागा' नावाचा कार्यक्रम घेतला आणि तीसपेक्षा जास्त ठिकाणी नदीला तिची जागा परत दिली. नायमेगेन शहरासमोर तर बांध ३५० मीटर मागे सरकवला, नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला. त्यासाठी पन्नासच्या आसपास घरं हलवावी लागली. आज त्या मोकळ्या जागेत लोक फिरायला येतात, शहर नदीकडे तोंड करून वाढतंय. पण खर्च केवढा आला असेल याचा अंदाज करा.

गड नदीचा काठ अजून बराचसा मोकळा आहे. मळे आहेत, माड आहेत, कांदळ आहे. जे काम हॉलंडला घरं पाडून करावं लागलं ते आपल्याला फक्त न बांधून करता येईल. ही संधी दहा वर्षांनी असेलच असं नाही.

काठ कोणासाठी?

मग विकास नको का? हवाच. पोरं मुंबईला जातात, घरं बंद पडतात, शेतं पडीक राहतात. नुसतं 'बांधू नका' म्हणून गाव चालत नाही. म्हणून साधी तीन ओळींची विभागणी करून बघू.

पहिली ओळ नदीची. पूर जिथे पसरतो, भरती जिथे चढते, कांदळ जिथे आहे, ती जागा. तिथे काही उभं करायचं नाही. पण ती रिकामी नाही. तिथे भात होतो, कुळीथ होतो, गुरं चरतात, मासळीची पिल्लं वाढतात.

दुसरी ओळ ज्यांना काठाशिवाय चालतच नाही त्यांची. होडी ओढायची जागा, जाळी वाळवायची जागा, मासळी सुकवायची पुळण, रापणीची जागा, तरीचा धक्का, खेकडापालनाचं कुंपण, कालवांचा तराफा, कांदळवन बघायला नेणारी होडी. यांना मागे सरका म्हटलं तर धंदाच बंद होतो.

तिसरी ओळ ज्यांना पाणी फक्त बघायला हवं त्यांची. हॉटेल, पार्किंग, बंगला, स्विमिंग पूल. हे काठापासून अर्धा किलोमीटर मागे असले तरी चालतात. गिऱ्हाईक चालत किंवा रिक्षाने काठावर येतं, आणि वाटेत गावातल्या चार दुकानांत पैसे टाकतं. मागे म्हणजे सरसकट सड्यावर, असंही नाही. सडा पडीक दिसतो, पण तिथे पाणी मुरतं, गुरं चरतात, काजू-आंब्याच्या बागा आहेत. म्हणून रस्त्याला लागून, वस्तीला जोडून.

आज आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. तिसऱ्या ओळीतला पैसेवाला पहिल्या ओळीत येऊन कंपाउंड घालतो आणि दुसऱ्या ओळीतल्या मच्छीमाराला स्वतःच्या होडीकडे जायला वाट मागावी लागते.

वाटेचा विषय हलका घेऊ नका. खाडीकडे जाणारी पायवाट अनेकदा कोणाच्या तरी खाजगी जमिनीतून असते. पिढ्यानपिढ्या कोणी अडवलं नाही म्हणून कोणी लिहून ठेवलं नाही. जमीन विकली गेली की नवा मालक सातबारा दाखवतो. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

काठावरचा पैसा

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी वल्हवतात, झाडं ओळखायला शिकवतात. कांदळ आहे म्हणून धंदा आहे. तोडलं तर दोन्ही गेलं.

राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे. तिच्यात खेकडापालन, कालवं, शिणाणे, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, निसर्ग पर्यटन अशा कामांना अनुदान मिळतं. गटाला खर्चाच्या ९० टक्के, एकट्याला ७५ टक्के. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती असावी लागते. आपल्या गावात ती आहे का, हे सरपंचांना विचारा.

होमस्टेवाल्यांनी एक गणित लक्षात ठेवावं. वाळूच्या पट्टीवर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. विहिरीतली गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट उंच असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. पंप लावून वरचा एक फूट उपसला की खालून खारं पाणी चाळीस फूट चढायला बघतं. एकाने दहा खोल्या आणि एक पूल बांधला तर शेजारच्या सहा घरांच्या विहिरी मचूळ होऊ शकतात. शिवाय शोषखड्डा विहिरीला लागून असेल तर त्याचं पाणी वाळूतून सरळ विहिरीत. म्हणून तळाशील-देवबागसारख्या ठिकाणी गावात एकूण किती खोल्या चालतील, हे परवाने देऊन झाल्यावर ठरवून उपयोग नाही. ते विहिरींवरून आधी ठरायला हवं.

गावाने काय करायचं?

यातलं काहीच मोठ्या खर्चाचं नाही.

१. मोबाईलवर महाभूनकाशा उघडा. आपला सर्व्हे नंबर आणि हिस्सा शोधा. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सीआरझेडचे नकाशे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

२. गावाचा स्वतःचा नकाशा करा. जुन्या माणसांना बरोबर घेऊन काठाने फिरा. पुराचं पाणी कुठवर आलं होतं, कुठल्या घराच्या कुठल्या पायरीला लागलं होतं, ते दगडावर किंवा भिंतीवर रंगाने मारा. खारबंधारा, त्याची उघाडी, व्हाळ, पायवाटा, होडीच्या जागा, रापणीची जागा, स्मशान, गोड्या विहिरी, सगळं कागदावर घ्या.

३. हे चतुर्थीला करा. चाकरमानी तेव्हाच गावात असतात आणि आपल्याकडचे सातबारे सामाईक. अर्धे सहहिस्सेदार मुंबईला. जमिनीबद्दलचा निर्णय त्यांच्याशिवाय होत नाही, आणि पुष्कळदा त्यांच्याचमुळे घाईत होतो.

४. तो नकाशा ग्रामसभेत ठेवून ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या ग्रामसभा ठरलेल्या आहेत. ठरावाची प्रत तहसीलदार, नगररचना विभाग आणि पाटबंधारे खात्याला पाठवा आणि पोच घ्या. ग्रामपंचायत विकास आराखडा करताना हाच नकाशा समोर ठेवा. जैवविविधता समितीची नोंदवही असेल तर तिच्यातही नोंद करा.

५. वरच्या आणि खालच्या गावांशी बोला. तळाशीलच्या माणसाने नरडव्याला आणि कणकवलीच्या माणसाने कालावलला एकदा जाऊन यावं. सगळ्या खात्यांना एका टेबलावर आणणं कठीण आहे. नदीकाठच्या ग्रामपंचायतींना एका मांडवात आणणं तेवढं कठीण नाही.

६. जमीन विकायची असेल तर विका, तो तुमचा हक्क. पण विकण्याआधी चारही रेषा बघा. रेषेतली जमीन घेणाऱ्याला बांधता आली नाही की तो एक तर तुमच्यामागे लागतो, नाहीतर भराव टाकून पाणी शेजाऱ्याच्या अंगणात ढकलतो. आणि खाडीकडे जाणारी वाट खरेदीखतात लिहून घ्या.

हरकतींची मुदत कधी सुरू होईल ते आपल्या हातात नाही. ती सुरू होईल त्या दिवशी गावाचा नकाशा ग्रामपंचायतीच्या कपाटात तयार असेल का, ते मात्र आपल्या हातात आहे.